कुलपाच्या भोकातून दिसलेले प्रभुभोजन

शास्त्रपाठ: 1 करिंथ. 11:17-22, याकोब 2:1-9, 5:1-6

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय शिकविताना एक अडचण नेहमी येते. सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याला सभेत मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा, हे चित्र मुलांना फार जुन्या काळचे वाटते. पहिल्या शतकात घडले असेल, आता कोण असे करतो, असे ती म्हणतात. म्हणून या वेळी अलीकडच्या काळातील एका खेड्याची हकिकत देत आहे. खेडे ख्रिस्ती देशातले आहे आणि तिथे प्रत्येक रविवारी देवळाची घंटा वाजत असे.

इंग्लंडच्या मध्यभागी वॉरिकशायर नावाचा परगणा आहे. शेक्सपिअरचे गाव याच परगण्यात. तेथे एव्हन नदीच्या काठी बारफर्ड हे लहानसे खेडे आहे. या खेड्यात 10 नोव्हेंबर 1826 रोजी एका मेंढपाळाच्या घरी जोसेफ आर्च जन्मला. तो दहा वर्षांचा असताना, 1837 साली, व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. म्हणजे त्याचे बहुतेक सारे आयुष्य तिच्याच राज्यात गेले.

जोसेफ सातएक वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी उपासना संपल्यावर बाप प्रभुभोजनासाठी मागे थांबला आणि मुलांना बाहेर जावे लागले. आत काय चालते ते पाहावे म्हणून जोसेफने दाराच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला. प्रथम स्क्वायर, म्हणजे गावचा बडा जमीनदार, उठून वेदीपाशी गेला. तो परत जागेवर आल्यावर शेतमालक गेले. त्यांच्यामागून दुकानदार, सुतार, लोहार गेले. हे सर्व आटोपल्यावर, सर्वांच्या शेवटी, जाड कापडाचे ढगळ डगले घातलेले शेतमजूर उठले. त्यांच्या शेजारी गुडघे टेकायला दुसरे कोणीही आले नाही. जणू ते अशुद्धच होते. त्या मजुरांत जोसेफचा बापही होता. आपण मोठे झाल्यावर असे कधीही करायचे नाही, असे त्या मुलाने तिथेच मनाशी ठरविले.

हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ते पुस्तक 1898 साली निघाले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. गावच्या पाळकांनी आपली बाजू लिहिलेली नाही, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे. तरीही सात वर्षांच्या मुलाने पाहिलेली गोष्ट म्हाताऱ्याच्या मनात इतकी स्पष्ट राहावी, याचा अर्थ घाव खोल होता. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल रागावला होता. बारफर्डात भाकर आणि द्राक्षारस सर्वांना मिळत होता. फक्त रांग वेगळी होती. पौलाने याला काय म्हटले असते, हे वर्गात जरूर विचारावे.

देवळाबाहेरही घडी तीच होती. पाळकांच्या हाती गावची शाळा आणि दानधर्मही असे. थंडीत गरिबांना मिळणारे सूप आणि कोळसा पाळकांच्या घरून येई. देवळात मजुरांच्या बायकांनी जागेवर बसण्यापूर्वी पाळकीणबाईंना गुडघे वाकवून नमस्कार करावा अशी रीत होती. एकदा या बाईंनी हुकूम काढला की शाळेतल्या मुलींनी केस डोक्यावर वाडगे ठेवून कापल्यासारखे आखूड ठेवावेत. जोसेफची आई हॅना हिने तो साफ नाकारला आणि अखेर तिचेच खरे झाले. पण त्यानंतर त्या घरावर पाळकांच्या घराची मर्जी राहिली नाही. गावच्या मागच्या गल्लीत एका जुन्या कोठारात मेथडिस्ट लोक सभा भरवू लागले, तेव्हा तिथे जाणाऱ्याचे सूप आणि कोळसा बंद होईल अशी धमकी देण्यात आली.

बापाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परदेशी धान्यावर कर ठेवून भाकरी महाग ठेवणारा कायदा तेव्हा होता, आणि तो चालू राहावा म्हणून शेतमालक सह्या गोळा करीत होते. 1835 साली जोसेफच्या बापाने सही करण्यास नकार दिला. त्याला अठरा आठवडे कोणी काम दिले नाही. त्या दिवसांत आईने लोकांचे कपडे धुऊन घर चालविले. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची होती: राहते घर त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. बहुतेक मजुरांची घरे मालकाची असत. काम गेले की घरही जाई. स्वतःचे छप्पर नसते तर या नवराबायकोला इतका ताठ कणा परवडला असता का, असे मला पुष्कळदा वाटते.

नऊ वर्षांचा असताना जोसेफ शेतात पाखरे हाकायला लागला. दिवसाचे बारा तास काम, मजुरी चार पेनी. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हा तेव्हाचा हिशेब मुलांना सांगावा. म्हणजे आठवडाभर पाखरे हाकून त्याला दोन शिलिंग मिळत. शाळा तेवढ्यावरच संपली. पुढचे वाचन आईने घरी करून घेतले. पुस्तके मुख्यतः दोनच, पवित्र शास्त्र आणि शेक्सपिअरची नाटके. मोठेपणी ते कुंपणाची झुडपे छाटण्यात इतके तरबेज झाले की या कामासाठी त्यांना परगण्याबाहेरूनही बोलावणे येई. याच काळात ते प्रिमिटिव्ह मेथडिस्ट मंडळीत अवैतनिक उपदेशक झाले.

या मंडळीविषयी थोडे सांगितले पाहिजे. 1807 साली मॉ कॉप नावाच्या टेकडीवर भरलेल्या उघड्यावरच्या प्रार्थनासभेपासून तिचा उगम झाला. तिच्यात मजूर, खाणकामगार, कारागीर हेच जास्त. सहा दिवस नांगरामागे चालणारा मनुष्य सातव्या दिवशी उभा राहून बोलायला, सभा चालवायला आणि चार पैशांचा हिशेब ठेवायला इथे शिकला. पुढे शेतमजुरांचे जे पुढारी झाले, त्यांतले कितीतरी अशाच लहान प्रार्थनामंदिरांतून आलेले होते.

1872 च्या फेब्रुवारीत आर्च घरी एक पेटी तयार करीत बसले होते. इतक्यात पत्नीने येऊन सांगितले, तीन माणसे भेटायला आली आहेत. ती जवळच्या वेल्सबर्न गावची होती. आठवड्याच्या बारा शिलिंगांत, कुठे कुठे त्याहूनही कमी पैशांत, मजुरांचे घर चालत नव्हते. संघ काढायचा होता आणि बोलणारा मनुष्य पाहिजे होता. 7 फेब्रुवारीच्या रात्री आर्च तिथे गेले. तीसचाळीस लोक जमतील अशी त्यांची कल्पना होती. रात्र काळोखी आणि पावसाची होती, तरी आसपासच्या खेड्यांतून लोक चालत आले; आर्च यांच्या अंदाजाने दोन हजारांच्या आसपास. वेलांच्या काठ्यांना कंदील टांगले होते. चेस्टनटच्या झाडाखाली डुकरे कापायचा एक पाट ठेवला होता, त्यावर उभे राहून ते बोलले. उपदेशकाचा आवाज त्या रात्री कामी आला.

मजुरांनी आठवड्याला सोळा शिलिंग मागितले. मालकांनी उत्तरही दिले नाही. 11 मार्चला सुमारे दोनशे मजुरांनी काम थांबविले. उत्तम शुक्रवारी, 29 मार्चला, लेमिंग्टन शहरात परगण्याचा संघ स्थापन झाला आणि 29 मे रोजी सर्व देशाचा. आर्च अध्यक्ष झाले. दोन वर्षांत संघाचे ऐंशी हजारांवर सभासद झाले. (इंदूरला कॅनेडियन मिशनचे काम 1877 साली सुरू झाले, काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो.)

या लढ्यात मंडळी कोठे होती? उत्तर सरळ नाही. डेव्हन परगण्यातील कॅनन गर्डलस्टन नावाचे पाळक 1866 पासून कमी मजुरीच्या गावांतील शेकडो मजुरांना चांगल्या मजुरीच्या भागात पाठवीत होते, आणि त्याबद्दल मालकांचा राग सोसत होते. उलट शेजारच्या ऑक्सफर्डशायरात 1873 च्या मे महिन्यात, संपावरच्या मजुरांच्या जागी आलेल्या दोन तरुणांना अडविले म्हणून, ॲस्कट गावच्या सोळा स्त्रियांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यांतल्या दोघींच्या कडेवर तान्ही मुले होती. शिक्षा देणारे दोघेही न्यायाधीश धर्मसेवक होते. याकोबाच्या पाचव्या अध्यायातील कापणी करणाऱ्यांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीवर त्यांनी कधी उपदेश केला होता की नाही, कोणास ठाऊक.

संघाचे पुढे फारसे चांगले झाले नाही. 1874 साली पूर्वेकडील परगण्यांत मालकांनी संघाच्या मजुरांना कामावरून बंद केले. त्यांना पोसता पोसता तिजोरी रिकामी झाली. मागून शेतीला मंदी आली, वाढलेली मजुरी पुन्हा उतरली, आणि 1896 साली संघ संपला. पण 1884 च्या कायद्याने खेड्यातील मजुराला मत मिळाले, आणि 1885 साली आर्च स्वतः नॉरफोक परगण्यातून पार्लमेंटात निवडून गेले. तेथे त्यांचा प्रभाव बेताचाच पडला, हे कबूल केले पाहिजे. पाटावर उभे राहून बोलणाऱ्याला त्या सभागृहाचे वारे मानवले नसावे.

वर्गात हा पाठ घेताना मुलांना बारफर्डच्या देवळाचे चित्र काढायला सांगावे आणि कोण कोठे बसले ते दाखवू द्यावे. मग आपल्या मंडळीचे चित्र काढायला सांगावे. पाहुणा आला तर कोणाला कोठे बसवितो, आणि प्रभुभोजनाला सर्वांत शेवटी कोण उठतो, हे मोठ्यांना दिसत नसले तरी मुलांना बरोबर दिसते.

1900 साली पार्लमेंटातून निवृत्त होऊन आर्च बारफर्डला परतले. ज्या घरात ते जन्मले, त्याच घरात 12 फेब्रुवारी 1919 रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते वारले.