शेडमधला पोकर आणि नाल

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या एका तरुण वाचकाला ओळखीच्या माणसाने दर शनिवारी रात्री पोकर खेळायला बोलावले आहे. गावाबाहेरच्या शेडमध्ये सात जण बसतात. प्रत्येकाने 2000 रुपये लावायचे आणि जागामालक दर डावातून 5 टक्के नाल काढणार. ‘हा तिर्रट नाही, डोक्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टाने मान्य केलेला,’ असे त्याला सांगितले गेले. मोबाइलवर तो बरा खेळायचा. कापसाचे पैसे नुकतेच हातात आले आहेत. जावे का?

उत्तर : जाऊ नये. खेळ डोक्याचा असला, तरीही.

सुप्रीम कोर्टाचा दाखला अर्धवट सांगितला जातो. तो निकाल 1967 चा, सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबचा आणि तोही रमीबद्दलचा. खटला हैदराबाद जुगार कायद्याखालचा होता, म्हणजे बीड ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्याचा. रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचे, काय टाकायचे ते ठरवावे लागते, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याची, असे न्यायालयाने म्हटले. तीन पत्त्यांचा खेळ, म्हणजे आपला तिर्रट, त्यांनी नशिबाचाच मानला. मात्र त्याच निकालात पुढे एक इशारा आहे, तो कुणी सांगत नाही : रमी असो वा दुसरा कुठला खेळ, पैसे लावून खेळवून मालक नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. तो क्लब सुटला, कारण तिथले शुल्क पत्ते आणि सोयींपुरते होते.

पोकरसाठी सुप्रीम कोर्टाचा असा निकालच नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला जुगार ठरवले, अलाहाबादने 2024 मध्ये कौशल्याच्या बाजूने मत दिले. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंध कायदा चालतो. त्याच्या कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण छाप्यात पकडल्यावर ते सिद्ध करत बसायचे कुणी? मालकाच्या फायद्यासाठी जिथे जुगाराचे साहित्य ठेवले जाते, तो अड्डा. अड्डा चालवणाऱ्यावर कलम 4 लागते, तिथे सापडणाऱ्यावर कलम 5. दिवाळीत घरच्यांनी मांडलेला डाव आणि हे शेड यांत कायद्याने फरक पडतो तो नाल काढण्यामुळे.

पैशाचे गणितही तिथेच फसते. सात जणांचे मिळून 14,000 रुपये मेजावर येतात. सरासरी डाव 400 रुपयांचा धरला, तर नाल 20 रुपये. तासाला 25 डाव झाले की 500, आणि पाच तासांत 2500 रुपये मालकाच्या खिशात. पहाटे उठताना सात जणांत मिळून 11,500 उरतात. म्हणजे सारखेच खेळणारे सात जण असतील, तर प्रत्येक जण साधारण 357 रुपयांनी खाली जातो. वाचकाला नुसते चांगले खेळून भागणार नाही. हा खड्डा भरून वर कमावायचे तर इतरांनी सतत चुका करायला हव्यात. ते सहा जण एकमेकांचे जुने सोबती आहेत, नवा तो एकटाच. पत्ते कोण वाटतो, हेही त्याला माहीत नाही.

जिंकलाच, तर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर उपकर. एका शनिवारी 5000 जिंकून पुढच्या शनिवारी 5000 घालवले, तरी हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. कुणी हरून पैसे बुडवले तर कोर्टात वसुली नाही. करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक आहे.

मोबाइलकडे परतायचा विचारही सोडावा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देणाऱ्यांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कापसाच्या पैशातून आधी सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडावे. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही.