ढीग थंडावला म्हणजे खत झाले काय?

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या परिसरात वसलेले आहे. या भागात शेतजमिनीच्या शेजारी गृहसंकुले उभी राहिली आणि ओल्या कचऱ्याचा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी असा कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले. त्यातून होणारे खत शेतापर्यंत जावयाचे, तर ते खरोखरीच खत झाले आहे किंवा नाही, हे ओळखता येणे अगत्याचे ठरते.

कुजणे ही कोणा एका जिवाणूची करामत नव्हे. आरंभी साधारण तापमानात वाढणारे जिवाणू कचऱ्यातील साखर व पिष्ट खाऊन टाकतात. त्यांच्यापासून सेंद्रिय आम्ले निर्माण होतात व ढिगाला आंबूस वास येतो. त्यांच्याच श्वसनाची उष्णता ढिगात कोंडते आणि तीच त्यांना मारक ठरते. ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णताप्रिय जिवाणूंचे, विशेषतः बॅसिलस गटाचे, राज्य सुरू होते. ते प्रथिने फोडतात. अमोनिया सुटतो व आम्लता ओसरते. ५५ अंशांची उष्णता काही दिवस टिकली, तर रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी नष्ट होते. कडेचा भाग मात्र थंडच राहतो, म्हणून ढीग वरखाली करावयाचा. ६५ अंशांपुढे उपयुक्त जीवही मंदावतात.

सहज पचणारे अन्न संपले की ढीग निवू लागतो, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. खरे पाहता काडीकचऱ्यातील चिवट भाग अद्याप शिल्लक असतो. तो फोडण्यासाठी बुरशी व ॲक्टिनोमायसीट्स पुढे सरसावतात. ढिगात दिसणारे पांढरट तंतू त्यांचेच. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास हीही ॲक्टिनोमायसीट्सचीच देणगी. सर्वांत शेवटी येतात ते अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू. त्यांना उष्णता सोसत नाही. या टप्प्यास कित्येक आठवडे लागतात, आणि नेमका एवढाच धीर माणसाजवळ नसतो!

यंत्रातून एका दिवसात बाहेर पडणारा तपकिरी चुरा हा बहुधा वाळवलेला कचराच असतो. असा कच्चा माल शेतात पडला की त्यातील सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र ओढून घेतात व पीक पिवळे पडते. आम्लांमुळे कोवळ्या मुळांनाही इजा होते.

पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेल्या ‘नाडेप’ टाक्यात पाचोळा, शेणकाला व माती यांचे थर देतात. भिंतींतील भोकांतून हवा खेळते, त्यामुळे ढीग उलथावा लागत नाही. तरीही खत होण्यास तीन ते चार महिने द्यावेच लागतात.

ढीग पाण्याअभावी किंवा हवेअभावीही थंडावतो. तेव्हा तो वरखाली करून ओलावा द्यावा व मध्यभागी लोखंडी सळई खुपसून ठेवावी. दोन-तीन दिवसांनी सळई गरम लागली, तर काम अपुरे आहे. शंका उरल्यास ओलसर खत पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावे. उघडताना आंबूस किंवा अमोनियाचा उग्र दर्प आला, तर ते शेतकऱ्यास देऊ नये.