फिकट लव्हेंडर भिंतीला देताना

शेडकार्डावर सगळ्यात गोड दिसणारा आणि भिंतीवर सगळ्यात जास्त दगा देणारा रंग म्हणजे फिकट लव्हेंडर. निळा आणि लाल यांच्या अगदी सीमेवरचा हा रंग, त्यात पांढरा भरपूर. खोलीतला उजेड जरा बदलला की तो एका बाजूला कलतो. ढगाळ सकाळी निळसर, उन्हं उतरताना गुलाबी, पिवळ्या दिव्याखाली मळकट राखाडी. म्हणून तो दुकानात ठरवू नका. ज्या खोलीला द्यायचा, त्याच खोलीत ठरवा.

आधी खोलीचा भाव ठरवा, कारण या रंगाचा अर्थ शेजारच्या रंगांवर ठरतो. इतिहासातच याचा दाखला आहे. 1856 साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन प्रयोगशाळेत किनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा कृत्रिम रंग लागला. 1858 मध्ये राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात याच छटेचा पोशाख घातला आणि तिथे त्या रंगाची लाट आली. पण त्याच काळातल्या इंग्लंडमध्ये विधवांनी काळे कपडे उतरवल्यावर, सुतक पूर्ण फिटण्याआधी, राखाडी आणि फिकट जांभळे कपडे घालायची रीत होती. एकच रंग लग्नातही आणि शोकातही. आपल्या खोलीतही हेच घडतं. लव्हेंडरला काळं फर्निचर आणि गडद राखाडी पडदे दिलेत की खोली गंभीर होते. पांढरं छत, सागवानी लाकूड आणि एखादी पितळी समई किंवा घंगाळ ठेवलंत की तीच खोली ताजी वाटते. पिवळा हा जांभळ्याच्या समोरचा रंग, म्हणून पितळेशेजारी तो खुलतो. हा रंग झोप आणतो असं बरेच जण सांगतात. मला वाटतं, त्यातलं बरंचसं श्रेय लव्हेंडरच्या वासाचं आहे.

आता नमुने. मोबाइलच्या पडद्यावर बघून शेड निवडू नका. संगणकावर लव्हेंडर म्हणून जो ठरलेला रंग आहे, त्यात लाल 230, हिरवा 230 आणि निळा 250 असतो. म्हणजे तो जवळजवळ पांढराच. भिंतीवरचा रंग तसा दिसणार नाही. दुकानातून तीन शेडचे लहानात लहान डबे मशीनवर बनवून घ्या: एक निळसर, एक गुलाबीकडे झुकलेली आणि एक किंचित राखाडी मिसळलेली. दोन फूट बाय दोन फुटांचे तीन जाड पुठ्ठे घ्या, त्यांना पांढरा प्रायमर लावा आणि कडेने दोन बोटं पांढरी चौकट सोडून प्रत्येकावर एका शेडचे दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या. ओला इमल्शन रंग फिकट दिसतो, वाळल्यावर गडद होतो. ओल्या रंगावर मत बनवलंत तर फसाल.

हे पुठ्ठे खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आणि सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, असे आळीपाळीने टेकवून ठेवा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून बघा. रात्रीची पाहणी टाळू नका, कारण घरची माणसं त्या खोलीत बहुतेक दिव्याखालीच बसतात. 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात निळा अंश फार कमी असतो, त्यामुळे लव्हेंडर मरतो. 6500 च्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली तो थंड, दवाखान्यासारखा होतो. 4000 केल्विनचा दिवा मला या रंगासाठी सर्वांत योग्य वाटतो. दिवा बदलणं रंग बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

फरशीही याच वेळी बघा. दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना विरुद्ध बाजूला ढकलतात. पॅरिसमधल्या गोबेलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख शेव्हरल यांनी 1839 मध्ये यावर मोठा ग्रंथच लिहिला. हिरवट कोटा फरशीवर लव्हेंडर गुलाबी वाटतो, क्रीम टाइल्सवर जास्त जांभळा. शहाबादी फरशी त्याला फार बिघडवत नाही.

निवडताना माझा कौल राखाडी मिसळलेल्या शेडला, आणि कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट. चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे अख्ख्या खोलीत तो पुठ्ठ्यावरच्यापेक्षा गडदच वाटणार.

मोजमाप सोपं आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे भिंती 440 चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण 400. दोन हातांना एक लिटर सुमारे 120 चौरस फुटांना पुरतं, म्हणजे साडेतीन लिटर लागेल. चार लिटरचा डबा घ्या. सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या, आणि डबे एकाहून जास्त असतील तर सुरू करण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. रंगारी स्टेनरची बाटली घेऊन जागेवर मिसळून देतो म्हणाला, तरी या रंगासाठी नको म्हणा. एका थेंबाचा फरक भिंतीवर दिसतो.

भिंतीची तयारी नेहमीचीच: पोपडे खरवडणे, लांबी भरणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे, पांढरा प्रायमर. नवा गिलावा असेल तर 28 दिवस थांबा. ओल किंवा लोणा असेल तर आधी त्याचं मूळ काढा. फिकट रंगाखाली डाग लपत नाही.

छत आधी संपवा. मग ब्रशने कोपरे आणि कडा ओढून घ्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर चालवा. सुरू केलेली भिंत मध्ये सोडून चहाला जाऊ नका, जोडाचा पट्टा उठतो. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. पहिल्या बादलीत जे माप, तेच शेवटच्या बादलीत. पहिला हात चार ते सहा तास वाळू द्या, मग दुसरा. चकाकी कमीत कमी ठेवा, मॅट सर्वांत बरा.

दोन जागी मात्र हा रंग देऊ नका. एक, स्वयंपाकघरात ओट्यामागे. फोडणीचा तेलकट पिवळा थर लव्हेंडरवर बसला की तो मळलेल्या कपड्यासारखा दिसतो. दुसरी, दारांना ऑइल पेंटमध्ये. तो रंग अंधाऱ्या जागी हळूहळू पिवळा पडतो आणि जांभळेपण खाऊन टाकतो.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान बरणीत भरा. शेडचा क्रमांक आणि तारीख तिच्यावर लिहून ठेवा. पुढे डाग पडला तर ठिगळ लावू नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्या अख्ख्या भिंतीला पुन्हा एक हात मारून घ्या.