मान घासून गोरी होत नाही, पोरी

सगळ्यात आधी हे कर. पाळी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण कर. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर "झाले असतील दोनेक महिने" असं मोघम सांगून भागत नाही. पाळी सुरू होऊन ३ वर्षं उलटली तरी दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर दाखवून ये. आणि ३ महिने पाळी आलीच नाही तर चालढकल नको. लग्न झालेलं असेल तर आधी दिवस गेलेत का ते बघ. दिवस नसतानाही पाळी येत नसेल, तर गर्भाशयाचं अस्तर बाहेर न पडता आत जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. मेडिकलमधून परस्पर गोळी आणून मात्र पाळी आणायची नाही.

आता केसांचं. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगण्याकडे लोकांना चार-दोन दिवसांत टक्कल पडलं. तेव्हापासून कुणाचेही केस गळाले की आपल्याकडे पाण्यावर नाहीतर रेशनच्या गव्हावर बोट जातं. तो प्रकार निराळा होता. त्यात बाया, बाप्ये, लेकरं सगळीच सापडली. तुझे केस भांगाशी हळूहळू विरळ होत असतील, हनुवटीवर राठ केस येत असतील आणि पाळीही लांबत असेल, तर पीसीओडीची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या दुखण्याची, तपासणी करून घे. मान काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल तर ती घासू नकोस. तो मळ नसतो. बहुतेकदा अंगात इन्सुलिन फार झाल्याची ती खूण असते.

पीसीओडीत बहुतेकींचं खरं दुखणं या इन्सुलिनमध्येच असतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं. मग बीज पिकत नाही आणि पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या "गाठी" म्हणजे या न पिकलेल्या बीजांच्या बारीक पिशव्याच. त्या कापून काढायच्या नसतात. लग्न झालं की आपोआप बरं होतं, हे तर कुणाचंच ऐकू नकोस.

म्हणून ताट बदल. ज्वारीची भाकर आहे तीच ठेव, पण दोनाच्या जागी एक घे आणि घट्ट वरण, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी वाढवून घे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी नको, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्चच. दही-शेंगदाणे खा. गोड चहा दिवसातून किती वेळा होतो तेही बघ. वजन जास्त असेल तर ते शंभरात ५ ते १० किलो या हिशेबानं उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गी लागते. बारीक मुलींनाही हे दुखणं होतं, त्यांनी उपाशी राहू नये.

शेगावच्या पायी वारीला तू उत्साहानं जातेस. तशी रोज अर्धा तास भरभर चाल. 

पाळी सुरळीत झाली तरी दर १ ते ३ वर्षांनी साखर तपासून घे. आणि दिवस गेले की पहिल्याच तपासणीला सांग, मला पीसीओडी आहे, माझी साखर आत्ताच बघा.