तंजावरचे मराठी घर

परक्या भाषेच्या शेजारात कसे नांदावे, हे पाहायचे तर तंजावरास जावे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे राज्य मांडले. १८५५ मध्ये ते खालसा झाले. माणसे मात्र राहिली. घरात आईशी मराठी, बाजारात नि शाळेत तमिळ, असा त्यांचा रोजचा व्यवहार. पोर उंबरा ओलांडते तोच भाषा पालटते, नि त्याचे त्याला काहीच वाटत नाही!

आता कीर्तनाचेच घ्या ना. मोरगावकर रामचंद्रबोवांची मराठी कीर्तने तंजावरात होत. ती ऐकून कृष्ण भागवतर यांनी तिकडच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आणले. चाल मराठी, कथा सांगायची तमिळमध्ये, राग कर्नाटकी. यात कोणाचे काय गेले? उलट दोघांचेही वाढले.

असे असता इकडचा मनुष्य तिकडची मराठी ऐकून फिस्सकन हसतो. म्हणे, ही कसली मराठी! अहो, आपण 'बाजार', 'दुकान', 'जमीन' म्हणतो ते शब्द फारसीतूनच आले ना? मग तिच्यात चार तमिळ शब्द शिरले तर विटाळ कसला? बोली बिघडली ही तक्रार मला पटत नाही. खरी अडचण निराळी आहे. पुष्कळ घरांत मुलाला मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. अभंग पाठ करायचा तर तो तमिळ अक्षरांत उतरवून घ्यावा लागतो. तसा उतरवतात, आणि म्हणतातही.