घरगुती गायनासाठी पहिले मल्टिट्रॅक यंत्र : निवड कशी करावी?

गाण्याची आवड असलेले आपले तरुण सभासद पहिले डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्र घ्यायला जातात, तेव्हा दुकानदाराला बहुधा एकच प्रश्न विचारतात : "किती ट्रॅकचे आहे?" आमच्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. एका वेळी किती ट्रॅक भरता येतात आणि माईक यंत्राला कसा जोडायचा, हे आधी विचारावे. कारण पैसे एकदाच खर्च होतात आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते थोडे नसतात.

साध्या टेपरेकॉर्डरवर गायक, पेटी व तबला एकदमच मुद्रित होत. अंतऱ्यात गायक चुकला की सर्वांना पहिल्यापासून बसावे लागे. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येकाचा ट्रॅक स्वतंत्र असतो. आधीचे हेडफोनवर ऐकत नवे भरता येते आणि चुकलेले तेवढेच पुन्हा गाता येते. १९७९ साली टास्कॅमच्या पोर्टास्टुडिओ १४४ या यंत्राने साध्या कॅसेटवर चार ट्रॅकची सोय केली. पुढे १९९२ मध्ये ॲलेसिसच्या ॲडॅटने व्हिडिओ कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक दिले. कॅसेटवर ट्रॅक एकत्र करून जागा मोकळी केली की प्रत्येक वेळी खरखर वाढे. डिजिटलमध्ये तो त्रास उरला नाही. आता हे सारे एका मेमरी कार्डावर मावते.

आता हिशेब मांडू. तानपुऱ्याला एक ट्रॅक, तबला-डग्ग्याला दोन, पेटीला एक, मुख्य आवाजाला एक आणि कोरसला दोन, असे सात झाले. म्हणजे आठ ट्रॅक घरच्या गाण्याला पुरतात. चोवीस ट्रॅकच्या मोहात पडू नये. एकटा गाणारा एका वेळी दोनाहून अधिक ट्रॅक क्वचितच भरतो. टास्कॅमचे डीपी-००८ईएक्स व झूमचे आर-८ ही यंत्रे आठ ट्रॅक वाजवतात, पण एका वेळी दोनच भरतात. या कामाला तेवढे पुरे आहे.

"आम्ही तिघे एकत्रच बसतो," असे काही जण म्हणतील. बसावे, पण लहान खोलीत तबल्याचा आवाज गायकाच्या माईकमध्ये शिरतो आणि गायकाचा तबल्याच्या माईकमध्ये. मग गाणे नव्याने गायले तरी तबल्याच्या ट्रॅकमागे जुना आवाज पुसट ऐकू येत राहतो. जास्त ट्रॅक घेऊन हे सुटत नाही. त्यासाठी क्रम बदलावा लागतो. प्रथम पेटीवर कच्चे गाणे एका ट्रॅकवर भरावे. तबलजीने ते हेडफोनवर ऐकत साथ करावी. खरा आवाज शेवटी भरावा आणि कच्चा ट्रॅक बंद करावा. पेटीची पट्टी मात्र आधीच पक्की ठरवावी, काळी चार की पांढरी एक. नंतर बदलायची म्हटली तर सगळेच पुन्हा भरावे लागते.

माईकसाठी यंत्राला तीन टोकांची, एक्सएलआर जोडणी असावी आणि ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही असावा. वर सांगितलेल्या दोन्ही यंत्रांत हे आहे. कंडेन्सर माईकला हा पुरवठा लागतो, डायनॅमिकला लागत नाही. चाळीत किंवा रस्त्यालगत राहणाऱ्याने सुरुवात डायनॅमिक माईकने करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. कंडेन्सर माईक आवाजाबरोबर पंखा आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही इमानाने टिपतो!

मुद्रण २४ बिटवर होत असेल तर उत्तम. मग आवाजाची पातळी थोडी खाली, सर्वांत मोठ्या सुरालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवता येते. डिजिटलमध्ये पातळी वर फुटली की आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरायच्या असतील तर हे विशेष सांभाळावे. तशी बैठक पुन्हा जमेलच असे नाही. झूमचे २०२३ मधील आर-४ हे ३२ बिट फ्लोट पद्धतीचे यंत्र ही काळजी बरीच कमी करते, पण त्याचे ट्रॅक चारच आहेत.

४४.१ किलोहर्ट्‌झ व २४ बिटवर एका ट्रॅकचे एक मिनिट सुमारे ८ एमबी जागा घेते. पाच मिनिटांचे आठ ट्रॅकचे गाणे सुमारे ३२० एमबी होते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर शंभरेक गाणी बसतात. तरी ट्रॅक त्याच रात्री वेव्ह फाईल करून संगणकावर उतरवावेत.

ज्यांच्याकडे चांगला मोबाईल आहे त्यांनी आधी त्यावरील मल्टिट्रॅक ॲपवर महिनाभर सराव करावा. हेडफोन मात्र वायरचा घ्यावा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि गाणारा लयीच्या मागे पडतो.

वापरलेले यंत्र घेताना आपला माईक व हेडफोन बरोबर न्यावा. एका ट्रॅकवर साधा ठेका भरावा, तो ऐकत दुसऱ्यावर दोन ओळी गाव्यात. त्या वेळी प्रत्येक बटण फिरवून पाहावे, खरखर आली की लगेच कळते. कार्ड काढून पुन्हा घालावे आणि भरलेले जागेवर आहे का, ते विकणाऱ्याच्या समोरच ऐकून घ्यावे.