दुष्काळी वर्षात परसातील मोठे कोहळे

कृषि प्रदर्शनाच्या मंडपात कापसाचे नमुने असतात, ज्वारीची कणसे असतात, तुरीच्या शेंगाही असतात. परंतु लोकांची दाटी होते ती दोघांनी उचलून आणलेल्या कोहळ्याभोवती. वऱ्हाडात कोहळे म्हणजे लाल भोपळा. अन्यत्र ज्याला कोहळा म्हणतात ते पांढरी राख फासल्यासारखे दिसणारे, सांडग्यांचे फळ निराळे. एवढे मोठे फळ पाहून घरी परतणाऱ्या माणसाच्या मनात दोन प्रश्न येतात. हे आपल्या परसात होईल काय, आणि त्याला लागणारे पाणी आणावयाचे कोठून? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर अमरावती व अकोला जिल्ह्यांत तरी हिशेब करूनच द्यावे लागते.

अकोला शहराची तहान महान येथील काटेपूर्णा धरणावर भागते. अमरावतीस मोर्शीजवळ सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येते. २०१७ चा पावसाळा अपुरा गेला, काटेपूर्णेचा साठा खालावला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात अकोल्याच्या नागरिकांना नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस वाट पाहावी लागली. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर अडचण आणखी वेगळी. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांतील अनेक गावांत विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. ८४ खेडी, ६४ खेडी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नळयोजना याच कारणाने उभारल्या गेल्या. अशा मुलखात पिण्याच्या पाण्याचा एक तांब्यादेखील वेलीच्या बुडाशी ओतणे योग्य नव्हे. पुढे दिलेल्या रीतीत वेलीला तीनच प्रकारचे पाणी द्यावयाचे आहे : जमिनीत मुरलेले, छपरावरून उतरलेले आणि घरात एकदा वापरून झालेले.

हंगामाचा हिशेब

पाण्याची खरी बचत झारीने होत नाही, हंगाम निवडण्याने होते. चांगल्या वाढलेल्या वेलीचा पसारा दहा चौरस मीटर धरला, तर मे महिन्यातील वऱ्हाडच्या उन्हात त्या पसाऱ्यातून दिवसाला सत्तर ते नव्वद लिटर पाणी हवेत जाते. पाच माणसांच्या घरात टंचाईच्या दिवसांत न्हाणीचे सगळे पाणी मिळून तेवढेच भरते. म्हणजे उन्हाळ्यात एक वेल जगवावयाची तर घरातील प्रत्येकाने तिच्यासाठी आंघोळ करावयाची, असा तो व्यवहार होतो. तोच वेल ऑक्टोबरात चाळीस-पन्नास लिटरांवर भागतो. आणि त्या वेळी जमीनही मदतीला असते. काळ्या भारी जमिनीच्या एक मीटर खोलीत पिकाला शोषून घेता येईल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा दहा चौरस मीटर जागेखाली दीड ते दोन हजार लिटर पाणी पावसाने फुकट ठेवून दिलेले असते. महिनाभराची बेगमी ती. यासाठी मोठे कोहळे उन्हाळ्यात लावण्याचा मोह टाळावा. मृग किंवा आर्द्रा नक्षत्रात बी लावावे, पोळ्याच्या सुमारास फळ धरावे आणि दिवाळीच्या आगेमागे उतरवून घ्यावे. पुढे टंचाईच्या महिन्यांत ते घरात खावयास असावे. त्या महिन्यांत ते पिकविण्याची पाळी येऊ नये.

बी कोणते घ्यावे

२०२३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथील स्पर्धेत १,२४७ किलो वजनाच्या भोपळ्याने त्या वेळचा जागतिक उच्चांक केला. असल्या फळांची छायाचित्रे पाहून परदेशी बियाणे मागविणारे हौशी लोक शहरांतून आढळतात. त्यांची निराशा ठरलेली आहे. ती जात कुकुर्बिटा मॅक्झिमा हिची. तिला थंड रात्री, लांब हंगाम आणि भर वाढीत दिवसाला शेकडो लिटर पाणी लागते. वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या लावले जाणारे कोहळे बहुधा कुकुर्बिटा मोस्काटा या जातीचे असते. ते उन्हाला डरत नाही. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का चंदन’ हा वाण चवीला उत्तम, परंतु त्याचे फळ दोन-तीन किलोंचे, ते स्वयंपाकघरासाठी. मोठ्या फळासाठी कोइमतूरच्या ‘को-१’ सारखा सात-आठ किलोंचे फळ देणारा वाण घ्यावा, किंवा गावातच ज्या घरी दरवर्षी मोठी फळे धरतात तेथून बी मागून आणावे. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा. त्या बियाने गावाचे ऊन आणि गावाची माती पाहिलेली असते.

मे महिन्यातच दोन फूट रुंद व दीड फूट खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा. वरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली एकत्र करून तो असा भरावा की जमिनीपासून वीतभर उंचवटा तयार होईल. काळ्या जमिनीत जुलैच्या झडीत पाणी साचले की कोवळ्या वेलीची मुळे गुदमरतात. दुष्काळी म्हणविलेल्या वर्षीही एखाद-दुसरी झड लागतेच, आणि नेमकी तीच रोपे घेऊन जाते. चुलीची राख टाकण्याची जी सवय घरोघर आहे ती हलक्या जमिनीत चालेल, पण खारपाणपट्ट्यातील चोपण जमिनीत राख टाकू नये. ती माती आधीच विम्लधर्मी असते. तेथे माती तपासून घेऊन शिफारशीप्रमाणे जिप्सम मिसळावे. प्रत्येक खड्ड्यात चार बिया लावून दोन पाने फुटल्यावर एकच जोमदार रोप राखावे. याच वयात तांबडे भुंगेरे पानांची चाळणी करतात. सकाळी ते सुस्त असताना हाताने वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकणे परसापुरते पुरे होते.

पाण्याची व्यवस्था

तीस चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर आठ मिलिमीटरची एक सर पडली, आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी दोनशे लिटरची टाकी जवळजवळ भरते. पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी वाहू द्यावे आणि नंतर पन्हाळीखाली टाकी लावावी. टाकीचे तोंड जाड कापडाने घट्ट बांधलेच पाहिजे. उघड्या टाकीत आठवड्याभरात डासांची पैदास होते आणि भोपळ्याच्या हौसेपायी घरात डेंग्यू येतो.

घरातील पाण्यात तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी सर्वांत चांगले. त्यात साबण नसतो. आंघोळीचे पाणी एक दिवस आड द्यावे, पानांवर न शिंपडता आळ्यात सोडावे, आणि साठवून न ठेवता त्याच दिवशी संपवावे. कपडे धुतलेले पाणी मात्र देऊ नये. धुण्याच्या चुऱ्यात सोडा असतो, आणि सोड्यातील सोडियम काळ्या मातीचे कण विखरून टाकतो. मग पाणी मुरत नाही, वर तवंगासारखी पापडी धरते. जमीन चोपण होते म्हणतात ती याच क्रियेने, आणि पूर्णेच्या खोऱ्यात निसर्गाने जे हजारो हेक्टरांवर केले ते परसात स्वतःच्या हाताने करण्यात अर्थ नाही. अनेक गावांत आता पाणी शुद्ध करणारी यंत्रे बसली आहेत. त्यांच्या एका नळीतून गोड पाणी येते व दुसरीतून टाकाऊ. हे टाकाऊ पाणी दिसावयास स्वच्छ असते, फुकट मिळते, म्हणून लोक ते झाडांना घालतात. परंतु मूळ पाण्यातील सारे क्षार त्यातच एकवटलेले असतात. त्याने भांडी घासावी, अंगण धुवावे. वेलीला ते विषासमान होय.

पाणी किती द्यावे यापेक्षा कसे द्यावे याला महत्त्व अधिक. बुंध्यापासून हातभर अंतरावर पाच ते सात लिटरांचे, न रंगविलेले, कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे व तोंडावर झाकण ठेवावे. भोवतालची माती सुकेल तसे पाणी मडक्याच्या अंगातून पाझरते. माती ओली असेल तर थांबते. माणसाला ज्याचा अंदाज राहत नाही तो मातीला राहतो. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात या घटसिंचनाचे प्रयोग केले आणि किंचित खारट पाण्यावरही भाज्या त्यामुळे तग धरतात असे त्यात दिसून आले. एका मोठ्या वेलीला तीन मडकी लागतात. ती महिन्यातून एकदा आतून घासावी, कारण क्षारांनी छिद्रे बुजतात.

मडक्यांभोवती व वेलीखाली चार बोटे जाडीचा कुटाराचा थर द्यावा. सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे कुटार उत्तम. उघडी काळी माती तडकते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. हा थर भेगा पडूच देत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती नळ येण्याच्या दिवशी. आठ दिवस वेल कोरडी राहते, नवव्या दिवशी नळ येतो, घरातील भांडी भरून झाल्यावर उरलेले सगळे पाणी एकदम आळ्यात ओतले जाते. फळाची साल तोवर ताणाने घट्ट झालेली असते. आतील गर अकस्मात फुगतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देठापासून बुडापर्यंत फळ उललेले दिसते. मेहनतीचे दोन महिने एका संध्याकाळी जातात. मिळेल ते पाणी टाकीत ठेवून रोज थोडे द्यावे. दुपारी पाने मलूल झाली म्हणून लगेच पाणी घालू नये. मोठ्या पानांचे वेल भर उन्हात माना टाकतात आणि सांजेला पुन्हा सावरतात. सकाळी सूर्योदयाच्या वेळी पाने लोंबलेली दिसली तरच वेल खरोखर तहानलेली समजावी.

फूल आणि फळ

कोहळ्याची नर व मादी फुले एकाच वेलीवर, परंतु निरनिराळी असतात. मादी फुलाखाली लहानशी गोटी असते. फुले पहाटे उमलतात व ऊन चढले की मिटतात. उष्णता अधिक असेल तेव्हा नर फुलेच भारंभार येतात आणि घरमालक घाबरतो. पण तो दोष वेलीचा नव्हे, थंडावा येताच मादी फुले दिसू लागतात. मधमाश्या कमी झाल्या असतील तर सकाळी आठाच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. दुधी भोपळ्याची पांढरी फुले मात्र संध्याकाळी उमलतात. त्यांचे काम दिवेलागणीला करावे लागते.

बुंध्याजवळची पहिली एक-दोन फळे कोवळी असतानाच भाजीला काढावी. सात-आठ फुटांच्या पुढे धरलेले, सरळ देठाचे, चांगल्या आकाराचे एक फळ राखावे, त्याच्या पलीकडे सात-आठ पाने सोडून शेंडा खुडावा, आणि मुख्य वेलीच्या पेरांवर ठिकठिकाणी माती लोटावी. त्या पेरांना मुळ्या फुटतात व वेलीला पाण्याची आणखी तोंडे मिळतात. चीनमधील फान शेंगची याच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील कृषिग्रंथात मोठा भोपळा काढण्याची एक युक्ती दिली आहे. एकाच खड्ड्यात दहा बिया लावावयाच्या, वेल हातभर वाढले की त्यांचे दहा देठ एकत्र आणून कापडाने बांधावयाचे व वरून माती लिंपावयाची. देठ एकजीव झाले की सर्वांत जोमदार शेंडा ठेवून बाकीचे खुडावयाचे. दहा वेलींच्या मुळ्या, आणि खाणारा एक! सुरुवातीची फळे काढून टाकावी आणि अवर्षणात पाणी खड्ड्यात न ओतता भोवतीच्या लहान चरात सोडावे, असेही तेथे सांगितले आहे. हौस असणाऱ्याने निदान दोन वेलींवर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

एका वेलीवर एकच फळ राखले तर ते फळ मोठे होते खरे, पण वेलीचे एकूण उत्पन्न बहुधा कमीच भरते. प्रदर्शनासाठी वा हौसेसाठी एक राखावे. ज्या घरात भाजीची चणचण आहे तेथे तीन मध्यम फळेच शहाणपणाची, कारण मोठे कोहळे एकदा चिरले की चार-पाच दिवसांत संपवावे लागते आणि तेवढे शेजारीपाजारी नसतील तर वाया जाते. पोळा उलटून गेला, पावसाने पाठ फिरवली आणि टाकी रिकामी झाली, तर मोठ्या फळाचा हट्ट सोडून असतील ती कोवळी फळे, फुले व पाने भाजीला घ्यावी आणि वेल जाऊ द्यावी. तशा वर्षी वेल जगविण्यासाठी घागर घेऊन दूरवर जाणारी बहुधा घरातील बाई किंवा मुलगी असते.

फळमाशीपासून बचावासाठी धरलेले कोवळे फळ कापडी पिशवीत झाकावे. मोठे झाल्यावर त्याखाली तुराट्यांचा कोरडा बिछाना द्यावा. पानांवर भुरी दिसू लागली की खालची जुनी पाने काढून जाळावी.

नखाने साल ओरखडली जात नाही आणि देठ लाकडासारखा होऊन त्यावर बारीक भेगा पडतात, तेव्हा फळ पक्के झाले असे समजावे. तीन बोटे देठ राखून धारदार विळ्याने कापावे, आणि देठाला धरून कधीही उचलू नये. देठ मोडला की तेथूनच कुजण्यास सुरुवात होते. आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवून नंतर घरातील सर्वांत थंड खोलीत, गवतावर, एकमेकांस न लागतील अशी मांडावी. पक्के कोहळे चार महिने सहज टिकते. दिवाळीचे फळ शिमग्याला चिरून गुळाची बोंडे करता येतात, आणि त्या दिवसांत परसात पाण्याचा थेंबही खर्ची पडलेला नसतो.

बियाणे धरावयाचे असेल तर आदल्या संध्याकाळी उमलू पाहणारी एक नर व एक मादी कळी दोऱ्याने बांधून ठेवावी, पहाटे त्यांचाच संयोग करून मादी फूल पुन्हा बांधावे व त्या देठाला खुणेची चिंधी लावावी. त्या फळातील टपोऱ्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्या आणि कोरड्या राखेत घोळून मडक्यात घालून, पुढच्या मृगापर्यंत उंदरांपासून सांभाळाव्या.